कांडी संपली का?

२०१३ च्या पावसाळ्यात मी साउंडक्लाऊडवर, म्हणजे कुणालाही आपलं गाणं टाकता येतं त्या साईटवर, माझं पहिलं गाणं टाकलं. पहिले १९ दिवस प्ले काउंट ७ वर थांबलेला, आणि ते सातही जण मला माहीत होते कारण लिंक मीच त्यांना व्हॉट्सॅपवर पाठवलेली, वर फोन करून "ऐकलंस का" असं विचारलेलं. विसाव्या दिवशी संध्याकाळी मेल आला की तुमच्या गाण्यावर कॉमेंट आलीय. उघडून बघितलं तर गाण्याच्या त्या लांबलचक लाटांच्या पट्टीवर, बरोबर २:१४ ला, एक छोटासा फोटो चिकटलेला, आणि त्यावर गेलं की तीन शब्द दिसत होते.

"कांडी संपली का?"

मी इचलकरंजीच्या स्टँडवर उभा होतो, सांगलीची गाडी लागलेली, लोक चढत होते, आणि मी ती गाडी सोडली. तिथंच बाकड्यावर बसून ते तीन शब्द कितीतरी वेळ बघत राहिलो.

ज्यांना माग, म्हणजे कापड विणायचं यंत्र, माहीत नाही त्यांना यातलं काही कळणार नाही म्हणून सांगतो. आमच्या गावात कुठल्याही गल्लीत उभं राहिलात तरी मागांचा आवाज येतो, किंवा निदान तेव्हा यायचा. मागावर धोटा इकडून तिकडं पळत असतो, त्या धोट्याच्या पोटात कांडी असते आणि कांडीवर आडवं सूत गुंडाळलेलं असतं. सूत संपलं की माग थांबतो, मग कामगार येतो, नवी कांडी भरतो, हँडल ओढतो आणि परत खटाक खट सुरू. आमच्या अप्पांचे आठ माग होते, पत्र्याच्या शेडमधे. मी लहानपणापासून त्या आवाजात अभ्यास केला, जेवलो, झोपलो, आणि जेव्हा मला गिटार वाजवायला यायला लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी जे काही वाजवतो त्याची लय त्या शेडमधूनच येते. म्हणून एक दिवस फोन घेऊन शेडमधे गेलो, सुताच्या पोत्यावर फोन ठेवला आणि सात मिनिटं नुसते माग रेकॉर्ड केले. नंतर त्यावर गिटार आणि दोन कडवी. त्या रेकॉर्डिंगमधे एके ठिकाणी एक माग थांबतो. आठातला एक. बाहेरच्या माणसाला बहुतेक कळतही नाही, फक्त रिदम अचानक पातळ झाल्यासारखा वाटतो आणि माझा आवाज तिथं पहिल्यांदा मोकळा ऐकू येतो. मी ते कापणार होतो, पण दहावेळा ऐकल्यावर वाटलं की गाणं खरं तिथंच सुरू होतंय, म्हणून ठेवलं. ती जागा म्हणजे २:१४.

आणि जगात कुठंतरी एका माणसाने ते ऐकून ओळखलं होतं की माग थांबलाय, का थांबलाय.

तो सोलापूरचा निघाला. वडील यंत्रमागावरच, आणि हा जर्मनीत आखेनला टेक्स्टाईलचं शिकायला गेलेला. नंतर आमचं बोलणं झालं तेव्हा त्याने सांगितलं की एका रात्री घरची फार आठवण येत होती, झोप लागत नव्हती, तेव्हा त्याने साउंडक्लाऊडच्या सर्चमधे "पॉवरलूम" टाईप केलं. नुसता आवाज ऐकायचा होता त्याला. तर तिथं मशिनचे आवाज रेकॉर्ड करणाऱ्या हौशी लोकांच्या पाचसहा फाईल्स आणि त्यात माझं गाणं. मी टॅग टाकताना मराठी, फोक, गिटार असं नेहमीचं लिहून शेवटी उगीच दोन शब्द टाकले होते, इचलकरंजी आणि पॉवरलूम. त्या शेवटच्या शब्दाने तो माझ्यापर्यंत आला. मराठी आणि गिटार या शब्दांनी आजतागायत माझ्याकडे कुणी आलेलं मला तरी माहीत नाही.

गाणं सापडणं, डिस्कव्हर होणं, यावर हल्ली इतकं बोललं जातं, आणि त्यात नेहमी लाखाचे आकडे असतात. माझ्या डोक्यात मात्र तो शब्द आला की ती आखेनमधली रात्र येते.

साउंडक्लाऊड सुरू कसं झालं तेही याच्याशी जुळणारंच आहे. अलेक्झांडर ल्युंग आणि एरिक वालफोर्स हे दोघं स्वीडनचे, दोघंही आवाजात काम करणारे, आणि त्यांची अडचण अगदी साधी होती की आपलं अर्धवट झालेलं गाणं दुसऱ्या कलाकाराला पाठवायचं कसं, त्याने ऐकून "इथं हे बदल" असं सांगायचं कसं. त्यातून २००७ मधे त्यांनी काम सुरू केलं, पुढे बर्लिनला गेले आणि २००८ मधे साईट सगळ्यांना खुली झाली. म्हणजे मुळात ते दुकान नव्हतं, दोन कलाकारांमधली वही होती. म्हणून तर कॉमेंट गाण्याच्या खाली न येता गाण्याच्या आत येते, ज्या सेकंदाला तुम्हाला काही वाटलं त्या सेकंदाला.

आता आपल्याकडे ज्यांनी बैठक ऐकलीय त्यांना हे समजावून सांगायची गरजच नाही. दाद ही कार्यक्रम संपल्यावर द्यायची गोष्टच नाही. गाणारा समेवर आला, एखादी जागा घेतली, की त्याच क्षणाला पहिल्या रांगेतून "अहाहा" येतं, कुणी मांडीवर हात मारतं, कुणाची नुसती मान हलते, आणि गाणारा ते बघत असतो, त्यावर त्याची पुढची तान ठरते. आमच्या अप्पांच्या भजनी मंडळात एक म्हातारे होते, ते गात नव्हते, टाळही नीट धरत नव्हते, पण मंडळ त्यांच्याशिवाय बसायचं नाही. का, तर त्यांना जागा कळायची. पेटीवाल्याने एखादा सूर लावून धरला की ते डोळे मिटून "हं" म्हणायचे. त्या एका "हं" साठी पेटीवाला आठवडाभर रियाज करायचा. मला वाटतं कुठल्याही गाणाऱ्याला पहिल्यांदा हवा असतो तो असा एक माणूस, आणि २:१४ ला मला तो मिळाला.

पुढे काय झालं तेही सांगतो कारण लोकांना वाटतं हे आपोआप होतं. त्याने माझं गाणं रिपोस्ट केलं. तेव्हा साउंडक्लाऊडवर ग्रुप्स असायचे (२०१६ मधे ते काढून टाकले, मला आजही त्याचं वाईट वाटतं), तर फील्ड रेकॉर्डिंगवाल्यांच्या, म्हणजे आजूबाजूचे आवाज रेकॉर्ड करणाऱ्यांच्या, एका ग्रुपमधे त्याने ते टाकलं. तिथं कुणी पोर्तुगालचा, कुणी जपानचा, कुणाला मराठीचा म पण माहीत नाही, पण मागाचा आवाज सगळ्यांना कळत होता. एकाने ०:४० ला लिहिलं की हे किती मशिन आहेत, मी लिहिलं आठ. एकाने विचारलं की तू क्लिकवर (कानात लयीची टिकटिक लावून) वाजवलंस का, मी लिहिलं नाही, मागावर. दोन महिन्यात काउंट ३४० वर गेला. ३४० हा आकडा आज कुणाला सांगितला तर तोंड वाकडं करतील, पण आमच्या गावातल्या गणपतीच्या स्टेजसमोर मी कधी ३४० माणसं माझं स्वतःचं गाणं ऐकताना बघितली नव्हती. तिथं मला हिंदी सिनेमाची गाणी म्हणायला लावायचे.

त्या सोलापूरकराने आणि मी मिळून नंतर तीन गाणी केली. प्रायव्हेट लिंक करायची, तो रात्री ऐकायचा, पट्टीवर लिहून ठेवायचा, "१:०५ गिटार जास्त", "१:३० इथं श्वास ऐकू येतोय, ठेव, चांगलाय". सकाळी उठून मी ते वाचायचो. मला कुणी संगीत असं शिकवलं नाही कधी. जे काही शिकलो ते त्या पट्टीवर.

इथं जरा आडवळण घेतो, पण आमच्या गावचं आहे म्हणून सांगायलाच हवं. इचलकरंजी म्हटलं की लोकांना कापड आठवतं. गाणं आठवत नाही. पण बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर आमच्याच गावचं नाव लावायचे. १८४९ चा जन्म, १९२६ ला गेले. गाणं शिकायचं म्हणून घर सोडून उत्तरेकडे गेले, हालअपेष्टा काढल्या, वासुदेवबुवा जोशींकडे शिकले आणि ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली. इचलकरंजीच्या जहागीरदारांनी त्यांना आश्रय दिला. आणि त्याच जहागिरीत १९०४ मधे विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला. म्हणजे एकाच गावात, एकाच काळात, ख्याल पण आणि खटखट पण. मला हे कळलं तेव्हा मी पंचविशीचा होतो आणि मला फार बरं वाटलं, का ते शब्दात सांगता येणार नाही.

बुवांचे शिष्य विष्णू दिगंबर पलुसकर, त्यांनी १८९६ मधे मिरज सोडली. राजाश्रय सोडून निघाले, सौराष्ट्रात तिकीट लावून जाहीर मैफल केली, जे तेव्हा कुणी करत नव्हतं, आणि १९०१ मधे लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. दरबारात बसलेल्या वीस माणसांच्या पलीकडं आपलं गाणं जायला पाहिजे, आणि ऐकणाऱ्याने त्याचे पैसे आपल्या हाताने द्यायला पाहिजेत, हे त्यांनी तेव्हा ओळखलं. आज कुणी स्वतःचं गाणं स्वतः अपलोड करतं तेव्हा तो काही नवीन वेडेपणा करत नसतो, त्याच रस्त्यावर चालत असतो.

आणि गायिका गौहर जान. १९०२ मधे कलकत्त्यात हॉटेलच्या खोलीत ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने त्यांचं रेकॉर्डिंग केलं. मोठा ख्याल तीन मिनिटात बसवायचा कारण तबकडी तेवढीच. आणि गाणं संपलं की शेवटी त्या मोठ्याने इंग्रजीत सांगतात, माय नेम इज गौहर जान. का, तर तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, आणि तिथल्या माणसाला कळायला हवं की लेबलवर कुणाचं नाव छापायचं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला. आपण आज मेटाडेटा म्हणतो ना, कलाकाराचं नाव, गीतकार, संगीतकार, आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगचा वेगळा नंबर), ते सगळं त्या बाईंनी स्वतःच्या आवाजात गाण्यातच भरून ठेवलं. मी हल्ली नवीन पोरापोरींना एवढं एक कळकळीने सांगतो की बाबांनो नाव नीट लिहा. स्पेलिंग एकच ठेवा सगळीकडे. गीत कुणाचं ते लिहा, तबला कुणी वाजवला ते लिहा. फाईलचं नाव "फायनल फायनल २" ठेवून ती तशीच वर चढवणारे मी बघितलेत, गाणी इतकी सुंदर असतात आणि उद्या ती कुणाची हे शोधायला काही धागा राहत नाही.

मोठी उदाहरणं सगळ्यांना माहीत आहेत. बिली आयलिशने २०१५ मधे भावाने लिहिलेलं एक गाणं साउंडक्लाऊडवर टाकलं ते डान्स शिकवणाऱ्यांना त्यावर नाच बसवता यावा म्हणून, आणि ती तेव्हा १३ वर्षांची होती. चान्स द रॅपरने कुठल्याही कंपनीशिवाय, नुसत्या स्ट्रीमिंगवर काढलेल्या अल्बमला २०१७ मधे ग्रॅमी मिळवलं. आपल्याकडं मुंबईत कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ मधे आयपॅडवरच गाणं रेकॉर्ड केलं, आयपॅडवरच व्हिडिओ काढला. पुण्याचा रित्विझ घरच्या कॉम्प्युटरवर गाणी करत करत २०१७ मधे देशभर पोचला. आणि २०२४ मधे क्रेटेक्स आणि श्रेयसचं मराठी हाऊस (नाचायच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा एक प्रकार) गाणं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने काढलं तेव्हा मी ऑफिसमधे एकटाच टाळ्या वाजवत होतो. मला या सगळ्यांचा मनापासून अभिमान आहे. फक्त ही उदाहरणं सांगताना आपण मधलं सगळं गाळतो. गाणं टाकल्यानंतरचे ते शांत १९ दिवस कुणी सांगत नाही. आणि आयपॅडवरच्या गाण्यात जर कुर्ला नसता, त्या गल्लीची भाषा नसती, तर आयपॅडने काय होणार होतं.

आता जे दुखतं ते.

माझा एक जवळचा मित्र आहे, कोल्हापूरचा, बासरी वाजवतो. २०२१ मधे त्याने एक रचना केली, सहा मिनिटांची, सुरुवातीला ४८ सेकंद नुसता आलाप, लांबून कुणीतरी हाक मारावी तसा. मी आजपर्यंत ऐकलेल्या सगळ्यात सुंदर ४८ सेकंदांपैकी ते आहेत. ती त्याने स्पॉटिफायवर वगैरे सगळीकडं टाकली. तिथं नियम असा की ऐकणारा ३० सेकंद थांबला तर तो एक स्ट्रीम धरतात, त्याआधी पुढं गेला तर काही नाही. आणि प्रत्येकजण त्याला सांगायला लागला, आलाप काप, ठेका आधी आण, लोक थांबत नाहीत. त्याने कापला. मी फोन करून भांडलो त्याच्याशी. तो म्हणाला, "तुझं बरं आहे रे, तुला पगार आहे." त्यावर मला काही बोलता आलं नाही, कारण ते खरं होतं.

मग त्याने एका प्रमोशनवाल्याला साडेतीन हजार दिले, प्लेलिस्टमधे घालतो म्हणाला. घातलं. आठ दिवसात हजारो स्ट्रीम. आम्ही दोघं खूष, मी पण, मी पण त्यात होतो, मी त्याला पेढे आणायला लावले. नंतर आम्ही ते डॅशबोर्ड, म्हणजे आकड्यांचं पान, नीट बघितलं तर जवळजवळ सगळे स्ट्रीम एकाच परदेशी शहरातून, सगळे साधारण तेवढेच सेकंद ऐकलेले, एकही सेव्ह नाही, एकही फॉलो नाही. माणसं नव्हतीच ती. महिन्याभरात खोटे स्ट्रीम म्हणून गाणंच काढून टाकलं गेलं. पैसे गेले त्याचं इतकं काही नाही. पण तो आठ दिवस रोज सकाळी उठून आकडे बघून हसायचा ना, ते हसणं आठवलं की अजून पोटात कालवतं. पुढं सहा महिने त्याने बासरी हातात धरली नाही.

म्हणून कुणी मला विचारलं की प्लेलिस्टसाठी पैसे देऊ का, तर मी नाही म्हणतो, चर्चाच करत नाही. आणि जे काम फुकट आहे ते लोक करत नाहीत. गाणं रिलीज व्हायच्या निदान सात दिवस आधी स्पॉटिफायच्या कलाकारांसाठीच्या पानावरून ते संपादकांकडे पाठवता येतं, त्यात गाणं कशाबद्दल आहे, कुठली वाद्यं आहेत हे लिहायला जागा असते, तिथं बहुतेक जण दोन ओळी खरडतात. तिथं मन लावून लिहा. निवडतील न निवडतील, पण सात दिवस आधी पोचलं तर जे तुम्हाला फॉलो करतात त्यांच्या रिलीज रडारमधे, म्हणजे नव्या गाण्यांच्या यादीत, तरी गाणं जातं. पैशाची आशा मात्र तिथं ठेवू नका, २०२४ पासून बारा महिन्यात १००० स्ट्रीम झाले नाहीत तर त्या गाण्याचा रेकॉर्डिंगचा वाटाच मिळत नाही. माझी निम्मी गाणी त्या रेघेच्या खाली आहेत. आलाप कापलेल्या त्याच्या गाण्याचे खरे स्ट्रीम पण तेवढे नव्हतेच, मग आलाप का कापला आपण, हा प्रश्न मला अजून झोपू देत नाही.

बँडकॅम्पने आम्हाला जरा सावरलं. तिथं ऐकणारा सरळ विकत घेतो, साईट डिजिटलवर साधारण १५ टक्के ठेवते, पेमेंटचा खर्च वजा जाता बाकी कलाकाराचं, आणि २०२० च्या मार्चपासून, कोविडमधे कार्यक्रम बंद पडले तेव्हा, त्यांनी ठरावीक शुक्रवारी आपला वाटा सोडायला सुरुवात केली. पुढं ती कंपनी २०२२ मधे एपिक गेम्सने घेतली, लगेच पुढच्या वर्षी साँगट्रेडरला विकली, अर्ध्या लोकांच्या नोकऱ्या गेल्या, ते सगळं वाचताना वाईट वाटत होतं. पण मी मित्राला म्हटलं, तिथं टाक, पूर्ण सहा मिनिटं, ४८ सेकंदासकट. पहिल्या वर्षात अकरा जणांनी घेतली. त्यातल्या एकाने किंमत होती त्याच्या तिप्पट पैसे दिले आणि खाली लिहिलं की माझे वडील दवाखान्यात होते, ती सुरुवात मी त्यांना रोज ऐकवायचो. त्याने मला तो स्क्रीनशॉट पाठवला, सोबत एक शब्द नाही. मी पण काही लिहिलं नाही. रात्री त्याने फोन केला आणि फोनवरच वाजवत राहिला, मी ऐकत राहिलो.

एक भीती मात्र मनातून जात नाही. २०१७ च्या जुलैत बातमी आली की साउंडक्लाऊडने १७३ लोकांना काढलं, लंडन आणि सॅन फ्रान्सिस्कोची ऑफिसं बंद केली, आणि सगळीकडे चर्चा की आता साईटच बंद होणार. त्या रात्री मी जागून माझी सगळी गाणी उतरवून घेतली. गाणी माझ्याकडं होतीच, खरी काळजी होती त्या कॉमेंट्सची, त्या कशा उतरवायच्या? मी एकेका गाण्याचा स्क्रीनशॉट काढला, वहीत वेळ आणि वाक्य असं लिहून काढलं. बायको म्हणाली झोप आता, मी म्हटलं एवढं संपवतो. (पुढच्या महिन्यात कंपनीला पैसे मिळाले आणि ती वाचली.) दोन वर्षांनी मायस्पेस या जुन्या साईटचं कळलं, सर्व्हर हलवताना २००३ ते २०१५ मधे लोकांनी टाकलेलं संगीत गेलं, ५ कोटींपेक्षा जास्त गाणी. त्यातल्या कितीतरी जणांकडं दुसरी कॉपी नसेल. कुणाचा तरी पहिला आवाज असेल, वारलेल्या मित्राचं ड्रमिंग असेल. मी तेव्हापासून दोन हार्डडिस्क ठेवतो, एक पुण्यात आणि एक गावाकडं आईच्या कपाटात, लग्नाच्या शालूखाली.

गावाकडं आता शेड रिकामी आहे. जुने साधे माग परवडेनात, नव्या धोट्याशिवाय चालणाऱ्या मशिनपुढं टिकेनात, अप्पांनी एकेक करत सगळे भंगारात किलोवर घातले. शेवटचे दोन २०२२ च्या दिवाळीआधी गेले. तो ट्रक भरत होते तेव्हा मी नव्हतो, आईने सांगितलं की अप्पा बाहेर आलेच नाहीत, आत टीव्ही मोठा करून बसले.

अप्पांनी माझी गाणी कधी ऐकली नव्हती. रागाने असं नाही, त्यांना फोनवर गाणं ऐकणं हे ऐकणं वाटतच नाही, समोर माणूस पाहिजे, पेटी पाहिजे. मीही कधी आग्रह केला नाही. गेल्या मे महिन्यात सुट्टीला गेलो होतो, दुपारी लाईट गेलेली, आम्ही दोघं सोप्यात बसलेलो, आणि गल्ली इतकी शांत होती, इतकी की मला ते सहन होईना. मी फोन काढला आणि ते पहिलं गाणं लावलं. काही सांगितलं नाही.

पहिल्या दहा सेकंदात त्यांनी पंखा हलवायचा थांबवला. नंतर डोळे मिटले. मी गायला लागलो तरी त्यांचा चेहरा हलला नाही, ते मला ऐकतच नव्हते, माझ्या मागचं ऐकत होते. २:१४ आलं.

"चार नंबर," अप्पा म्हणाले.

"काय?"

"चार नंबरचा माग थांबला बघ. कांडी संपली. त्यो कोपऱ्यातला, लै जोरात हाणायचा." मग जरा थांबून, डोळे मिटूनच, "आता भरंल. ...हां. भरली."

आणि खरंच तिथं तो परत सुरू होतो, २:३१ ला. गेली इतकी वर्षं ते गाणं मी शेकडो वेळा ऐकलंय पण कुठला माग हे मला कधी कळलं नव्हतं.

"परत लाव," ते म्हणाले.

मी परत लावलं. ते ऐकत असताना पट्टीवर तो जुना छोटा फोटो दिसत होता, त्याच्याखाली २०१३ मधलं माझं उत्तर, "हो भावा, संपली होती". त्याच्याखाली मी अजून एक ओळ लिहिली. चार नंबरचा. अप्पांनी ओळखला.

रात्री जेवताना आखेनहून उत्तर आलं, तो अजून तिथंच आहे, आता नोकरीला. त्याने विचारलं होतं, बाकीच्या सातांचे पण नंबर सांगतील का?

मी फोन अप्पांपुढं धरला. त्यांनी ताट बाजूला सारलं, हात धुतला आणि म्हणाले, "पहिल्यापास्नं लाव."